सल्लागाराची फी आणि कॉम्प्युटर सायन्सची जागा

२०२४ च्या फेब्रुवारीत, मुलगी अकरावीत असताना, आम्ही कॅलिफोर्नियातील बे एरियातील एका खासगी प्रवेश-सल्लागार संस्थेचे ४,८०० डॉलरचे पॅकेज घेतले. त्यात बारा तासांच्या वैयक्तिक भेटी, विद्यापीठांची यादी आणि प्रत्येक ठिकाणी प्रवेश मिळण्याच्या शक्यतेचा अहवाल, निबंधांची तपासणी, शिफारसपत्रांचे नियोजन आणि मुलाखतीची तयारी एवढे समाविष्ट होते. आमचे उद्दिष्ट पहिल्या भेटीतच स्पष्ट केले होते: सार्वजनिक विद्यापीठ आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कॉम्प्युटर सायन्स. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच धर्तीची आणि जवळपास याच मजकुराची पॅकेजे इथे अनेक जण विकतात, आणि माझी तक्रार एका दुकानाविषयी असण्यापेक्षा त्या मालाच्या घडणीविषयी अधिक आहे.

माझे स्वतःचे अभियांत्रिकीचे शिक्षण सांगलीला झाले. गुण लागले, गुणवत्ता यादी लागली, शाखेचा कटऑफ कळला की जागा मिळाली किंवा गेली, हा हिशेब आमच्या पिढीच्या अंगवळणी पडलेला आहे. अमेरिकेत वीस वर्षे काढूनही मुलीच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा माझे डोके त्याच हिशेबाने चालत होते, आणि सल्लागार नेमण्यामागे खरे कारण तेच होते: इथे कटऑफ नाही म्हणजे नेमके काय आहे, हे कुणीतरी जबाबदारीने समजावून सांगावे.

विक्रीच्या ऑनलाइन सभेची सुरुवात २०२३ मधील पालो आल्टोच्या त्या विद्यार्थ्याच्या बातमीने झाली, ज्याला १८ पैकी १६ विद्यापीठांनी नाकारले आणि ज्याला पुढे गूगलने नोकरी दिली. सभेतील प्रत्येक पालकाच्या पोटात गोळा आला असणार. ज्या दोन ठिकाणी त्याला प्रवेश मिळाला होता ती ऑस्टिनचे टेक्सास विद्यापीठ आणि मेरीलँड विद्यापीठ, म्हणजे दोन्ही सार्वजनिक आणि दोन्ही त्याच्या राज्याबाहेरची होती, ही गोष्ट मात्र सभेत कुणी सांगितली नाही.

आता मुख्य वस्तूकडे, म्हणजे शक्यता-अहवालाकडे येतो. पॅकेजमधील सर्वांत देखणा भाग हाच होता: चौदा पाने, रंगीत तक्ते, प्रत्येक विद्यापीठासमोर 'रीच' (अवघड), 'टार्गेट' (मध्यम) किंवा 'सेफ्टी' (जवळपास खात्रीचे) असा शिक्का. त्यात सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठासमोर 'टार्गेट' लिहिले होते, कारण संस्थेने त्या विद्यापीठाचा एकूण प्रवेशदर धरला होता आणि तो शंभरात चाळिशीच्या आसपास आहे. पण तिथल्या पॉल ॲलन स्कूलमध्ये कॉम्प्युटर सायन्ससाठी थेट प्रवेश दिला जातो आणि तो दर एकूण दराच्या जवळपासही जात नाही. अर्ज करणाऱ्या वॉशिंग्टनच्या रहिवाशांपैकी साधारण चौथा हिस्सा आत जातो, तर राज्याबाहेरच्या शंभर जणांतून दोघे-तिघे. आम्ही कॅलिफोर्नियाचे रहिवासी. म्हणजे ज्या ठिकाणी मुलीची शक्यता शंभरात दोन-तीन होती ते ठिकाण अहवालाने मध्यम गटात बसवले होते. शिवाय ते स्कूल स्वतःच अर्जदारांना बजावते की थेट प्रवेश मिळाला नाही, तर दुसऱ्या कुठल्या मेजरमध्ये समाधान मानण्याची तयारी असेल तरच या विद्यापीठात या. हे वाक्य संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येते. चौदा पानांत ते नव्हते.

ही चूक किरकोळ नाही, कारण सार्वजनिक विद्यापीठांतील कॉम्प्युटर सायन्सच्या प्रवेशाचे सारे गणित या एका भेदावर उभे आहे: विद्यापीठात प्रवेश मिळणे वेगळे आणि त्या मेजरमध्ये प्रवेश मिळणे वेगळे. पूर्वी अनेक ठिकाणी आधी आत जाऊन मग मेजर जाहीर करता येत असे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (यूसी) बर्कली कॅम्पसवर 'लेटर्स अँड सायन्स' कॉलेजात दाखल झालेला विद्यार्थी सुरुवातीच्या ठराविक तीन अभ्यासक्रमांत ४ पैकी ३.३ ची सरासरी राखून कॉम्प्युटर सायन्स घेऊ शके, आणि त्या ३.३ साठी पहिल्या वर्षी मुले रात्री जागवत. २०२३ च्या प्रवेशापासून तिथे अर्ज करतानाच ते मेजर मागावे लागते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या संगणन, डेटा सायन्स आणि समाज या नव्या कॉलेजाकडे आता तो विषय गेला आहे. मेरीलँडने २०२४ पासून या मेजरच्या जागा मर्यादित केल्या, मिशिगननेही स्वतंत्र निवड सुरू केली. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसवर दुसऱ्या मेजरमधून आत शिरून नंतर कॉम्प्युटर सायन्सकडे वळण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. टेक्सासमध्ये तर हा भेद कायद्यातच दिसतो: १९९७ च्या कायद्याने शाळेतील वरच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यापीठात आपोआप प्रवेश दिला, पण हव्या त्या मेजरची हमी दिली नाही. जो सल्लागार हा भेद पहिल्या भेटीत सांगत नाही त्याच्याकडून पुढचे अकरा तास घेण्यात फारसा अर्थ नाही, असे मी आज ठामपणे म्हणेन.

अहवालातील दुसरी गफलत सरासरी गुणांची होती. मुलीच्या शाळेने एपीच्या (शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज-पातळीच्या) विषयांना वाढीव गुण धरून दिलेली सरासरी ४.६ होती आणि ती यूसीच्या कॅम्पसांच्या प्रसिद्ध आकड्यांशेजारी मांडून तिला 'वरच्या गटात' दाखवले होते. यूसी मात्र दहावी आणि अकरावीचेच गुण सरासरीत धरते आणि वाढीव गुण जास्तीत जास्त आठ सत्रांचे, त्यातही दहावीचे चारच, मोजते. त्या रीतीने मुलीची सरासरी ४.२५ येत होती. एका फुटपट्टीने आपली उंची मोजायची आणि दुसऱ्या फुटपट्टीने लिहिलेल्या आकड्याशी ताडायची, असा तो प्रकार होता. मी ते निदर्शनास आणले तेव्हा 'ढोबळ अंदाज म्हणून पाहावे' असे उत्तर मिळाले. ढोबळ अंदाज मला घरबसल्या करता आला असता.

सर्वांत महाग पडू शकली असती अशी चूक यूसीच्या सॅन डिएगो कॅम्पसच्या अर्जात झाली. यूसीच्या एकाच अर्जात प्रत्येक कॅम्पससाठी मुख्य मेजर निवडता येते आणि बऱ्याच कॅम्पसांसाठी एक पर्यायी मेजरही देता येते. मात्र त्या पर्यायाचे पुढे काय करायचे हे प्रत्येक कॅम्पस आपल्या पद्धतीने ठरवतो. बर्कलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्याचा उपयोग होत नाही. सॅन डिएगोत काही मेजर 'सिलेक्टिव्ह' म्हणून जाहीर केलेली आहेत, आणि मुख्य पसंती तशी असेल तर पर्याय तसा नसलेला द्यावा लागतो, नाहीतर तो पर्याय असून नसल्यासारखा ठरतो. आमच्या सल्लागार बाईंनी मुख्य पसंती कॉम्प्युटर सायन्स आणि पर्याय कॉम्प्युटर इंजिनिअरिंग असे भरून दिले होते. दोन्ही सिलेक्टिव्ह. आम्हा पालकांच्या नजरेतून ते सुटले. मुलीने कॅम्पसचे पान वाचून पकडले आणि पर्याय बदलून कॉग्निटिव्ह सायन्स केला. पॅकेजमधील 'अर्जाची अंतिम तपासणी' या शीर्षकाखालचा तास त्याआधीच संपलेला होता.

शिफारसपत्रे आणि मुलाखत या दोन बाबींवर जास्त शब्द खर्च करण्याची गरज नाही. यूसी पहिल्या वर्षाच्या अर्जासोबत शिफारसपत्रे मागत नाही, वॉशिंग्टन घेत नाही, इलिनॉयही घेत नाही; आणि आमच्या यादीतील एकाही सार्वजनिक विद्यापीठाने मुलाखत घेतली नाही. तरीही कोणत्या शिक्षकाला केव्हा विनंती करावी यावर आमचे पाऊण तास खर्ची पडले. पॅकेज मुळात खासगी विद्यापीठांसाठी शिवलेले आहे आणि सार्वजनिक विद्यापीठांच्या गिऱ्हाइकाला तेच थोडे आखूड करून दिले जाते, हे तिथे लक्षात आले. एसएटी या प्रवेश-परीक्षेच्या तयारीसाठी जोडवर्ग घेण्याचा आग्रहही असाच होता. यूसीच्या रीजंट (नियामक) मंडळाने २०२० मध्ये ही परीक्षा टप्प्याटप्प्याने बाद करण्याचे ठरवले आणि २०२१ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर यूसी प्रवेशाच्या निर्णयात ते गुण पाहतच नाही. जॉर्जिया टेक, पर्ड्यू किंवा टेक्सासला अर्ज करणाऱ्याला ती परीक्षा द्यावीच लागते, म्हणून वर्ग वाईट आहेत असे मी म्हणत नाही. आमच्या यादीत त्यांपैकी एकही नव्हते, एवढेच.

एवढे दोष सांगितल्यावर जे चांगले होते तेही तितक्याच तपशिलाने सांगणे भाग आहे, कारण त्याच एका भागासाठी मी संस्थेला शून्य देत नाही.

यूसीच्या अर्जात आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरे लिहायची असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. त्यातला सहावा प्रश्न आवडीच्या शैक्षणिक विषयावर असतो, आणि मुलीने त्याचा पहिला मसुदा कृत्रिम बुद्धिमत्ता जग कसे बदलेल या धाटणीचा लिहिला होता. सल्लागार बाईंनी तो वाचून बाजूला ठेवला आणि उपक्रमांच्या यादीतील सतराव्या ओळीवर बोट ठेवले: 'रविवारची मराठी शाळा, सहाय्यक शिक्षिका'. त्यांना मराठीचा गंधही नव्हता, पण प्रश्न नेमके विचारता येत होते. तिथे तू काय शिकवतेस? मुले कुठे अडतात? मग तू काय केलेस? मुलगी सांगू लागली की लहान मुले 'र'च्या जोडाक्षरांना अडखळतात, कारण 'सूर्य'मधला र डोक्यावर रफार होऊन बसतो, 'ग्रह'मधला पोटात तिरका जातो आणि 'राष्ट्र'मधला पायाशी छत्रीसारखा येतो. त्यासाठी तिने पायथनमध्ये एक छोटा खेळ लिहिला होता, आणि तो लिहिताना तिला कळले होते की संगणकाच्या पोटात तिन्ही ठिकाणी तोच र आणि तोच हलन्त साठवलेला असतो. हलन्त र च्या आधी आहे की नंतर आणि शेजारी कोणते व्यंजन आहे हे पाहून अक्षराचे रूप शेवटी फाँट ठरवतो. हे सारे तिने आम्हाला कधी सांगितले नव्हते. आम्ही विचारलेही नव्हते. आमच्या लेखी मराठी शाळा म्हणजे रविवारी सकाळी गाडी काढण्याचे काम होते.

ते उत्तर सहा वेळा लिहिले गेले आणि दर वेळी बाईंनी विशेषणे काढायला लावली. यूसीच्या प्रश्नांना साहित्यिक निबंध अपेक्षित नसतो, समोर बसलेल्या माणसाला द्यावे तसे सरळ उत्तर हवे असते, ही त्यांची समज अचूक होती. त्याच संस्थेच्या दुसऱ्या 'निबंध-संपादकाने' मात्र शेवटच्या फेरीत त्यात दोन भाषांमधल्या सेतूची आणि पहाटेच्या प्रकाशाची वाक्ये घातली. ती मुलीने जशीच्या तशी पुसून टाकली. उत्तर अर्जदाराचे स्वतःचे असले पाहिजे, हे अर्ज सादर करताना मान्य करावे लागते, आणि यूसी काही अर्जदारांना निवडून त्यांनी लिहिलेल्या गोष्टींचा पुरावाही मागते. तिथे सेतू आणि पहाट कुणी सिद्ध करायची?

आणखी एक गोष्ट संस्थेच्या बाजूने नोंदवतो. ओळखीपाळखीचा, आतल्या माणसाचा उल्लेख त्यांनी एकदाही केला नाही. २०१९ मधील लाच देऊन प्रवेश मिळवण्याचा घोटाळा बाहेर आल्यावर आणि २०२० मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी यूसीच्या चार कॅम्पसांवर अनुचित मार्गाने झालेले ६४ प्रवेश उघड केल्यानंतर हा शहाणपणा अपेक्षितच आहे, पण अपेक्षित शहाणपणा सगळीकडे सापडतो असे नाही.

पैसे न देता काय मिळते, हे सांगितल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. यूसीच्या माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर तुमच्या मुलाची शाळा निवडली की त्या शाळेतून कोणत्या कॅम्पसला किती जणांनी अर्ज केला, किती जणांना प्रवेश मिळाला आणि त्यांची सरासरी किती होती हे वर्षवार दिसते. तो आकडा मेजरनुसार नाही, म्हणून कॉम्प्युटर सायन्ससाठी तो वरची मर्यादा समजून वाचावा. तरीही आमच्या चौदा पानी अहवालापेक्षा तो अधिक प्रामाणिक आहे. सॅन होजे स्टेट हे दुसरे सार्वजनिक विद्यापीठ प्रत्येक मेजरचा मागील प्रवेशाचा उंबरठा आकड्यांत प्रसिद्ध करते. तो तक्ता पाहून मला अनेक महिन्यांनी पहिल्यांदा सांगलीत असल्यासारखे वाटले. कॅल पॉली सॅन लुइस ओबिस्पो निबंधच मागत नाही, त्यामुळे तिथे निबंध-तपासणीची फी कशाची हा प्रश्नच उरत नाही. शाळेतील काउन्सेलर हाही फुकटचाच स्रोत आहे, फक्त त्याच्याकडे वेळ कमी असतो: व्यावसायिक संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थ्यांची आहे आणि कॅलिफोर्नियात तेवढे भाग्य थोड्या शाळांच्या वाट्याला येते. पण पर्यायी मेजरचा प्रश्न आमच्या काउन्सेलरने ईमेलवर तीन ओळींत सोडवला असता, असे नंतर त्यांच्याशी बोलताना लक्षात आले.

आधी दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात शिकून मग विद्यापीठात बदली घेण्याचा मार्ग बारा तासांत एकदाही निघाला नाही. त्यात विकण्यासारखे काही नाही म्हणून तो निघाला नसावा, आणि आम्हीही काढला नाही, कारण आपल्या घरांत त्या नावाला अजून कमीपणा चिकटलेला आहे. पुण्याच्या फोनवर 'कुठे मिळाले?' या प्रश्नाला द्यायला ते उत्तर सोयीचे वाटत नाही. वस्तुस्थिती अशी की दर दोन नव्या विद्यार्थ्यांमागे एक बदली विद्यार्थी घेण्याचे यूसीचे धोरण आहे, कोणता अभ्यासक्रम कुठे चालतो हे असिस्ट या सरकारी संकेतस्थळावर ओळीने दिलेले आहे, आणि सहा कॅम्पस ठराविक अटींवर बदली प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्या सहांत नाहीत, आणि जे आहेत त्यांतही कॉम्प्युटर सायन्सला सरसकट हमी नाही. सँटा बार्बरात तो विषय इंजिनिअरिंग कॉलेजात असल्याने हमीबाहेर राहतो. म्हणजे तोही राजमार्ग नव्हे. पण चार हजार आठशे डॉलर घेणाऱ्याने त्याचा उल्लेख तरी करावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

निकालाचा हिशेब असा. यूसीच्या सहा कॅम्पसांना, प्रत्येकी ८० डॉलर भरून, मुदत संपण्याच्या म्हणजे २ डिसेंबर २०२४ च्या दोन दिवस आधी अर्ज गेला. बर्कली, लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन आणि इलिनॉय यांनी नकार दिला, अर्व्हाइनने प्रतीक्षायादीत ठेवले, डेव्हिस, सँटा क्रूझ आणि सॅन होजे स्टेट यांनी कॉम्प्युटर सायन्समध्ये प्रवेश दिला. सॅन डिएगोने पर्यायी मेजरमध्ये, म्हणजे मुलीने शेवटच्या आठवड्यात बदललेल्या कॉग्निटिव्ह सायन्समध्ये घेतले. तिथून कॉम्प्युटर सायन्सकडे वळण्याची वाट इतकी अरुंद आहे की तिच्या भरवशावर घर सोडणे आम्हाला पटले नाही, आणि मुलीने डेव्हिस निवडले.

माझ्याकडून या सेवेला पाचपैकी दोन तारे, आणि ते दोन्ही त्या रफाराच्या उत्तरासाठी. कुणाला तरीही सल्लागार हवाच असेल, तर पूर्ण पॅकेज न घेता तासाच्या दराने घ्यावा. पहिल्या तासात त्याला एकच विचारावे की या कॅम्पसवर या मेजरमध्ये, आमच्या राज्याच्या रहिवाशाला, गेल्या वर्षी काय झाले आणि पर्यायी मेजरचे काय होते. उत्तरात विद्यापीठाचा एकूण दर आला तर दुसरा तास घेऊ नये. उरलेले तास उत्तरे वाचून घेण्यासाठी ठेवावेत, आणि वाचणारा माणूस एकच राहील असे लेखी ठरवून घ्यावे.

एप्रिलमध्ये संस्थेने मुलीचा फोटो आणि दोन ओळींचा अभिप्राय मागितला, ओळखीच्या कुटुंबाला पाठवल्यास २०० डॉलरची सूटही देऊ केली. आम्ही उत्तर दिले नाही. सप्टेंबरमध्ये तिला डेव्हिसला सोडून आल्यावर मी सहज त्यांचे संकेतस्थळ उघडले. यशस्वी विद्यार्थ्यांच्या यादीत, नावाऐवजी आद्याक्षरे देऊन, आमची मुलगी सॅन डिएगोच्या रकान्यात होती. रकान्यात मेजर लिहिलेले नव्हते.